न्याहारी आणि दिवेलागण

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो, आणि पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या आजी-आजोबांनो. इतकी जुनी, की तेव्हा भिंतीवर घड्याळ नव्हतं आणि मनगटावर तर नव्हतंच नव्हतं. वेळ किती झाली ते बघायचं तर माणसं मान वर करून डोंगराकडे बघत.

तो डोंगर आपल्याकडचा नव्हे. दूर आल्प्सच्या रांगेत, जिथे भर उन्हाळ्यातही माथ्यावरचा बर्फ हलत नाही, तिथलं ते एक उंच, टोकदार शिखर. त्याच्या अंगाखांद्यावर हिरवीगार कुरणं, कुरणांच्या खाली देवदारांचं रान, आणि रानाच्या खाली, डोंगराच्या दोन बाजूंना दोन गावं. मावळतीच्या बाजूला निळवाडी. तिथल्या कुरणात वसंतात इतकी निळी फुलं येत, की गाई पाऊल टाकायला बिचकत. उगवतीच्या बाजूला देवदारी. हिच्या नावातच हिचं रान आहे, वेगळं सांगायला नको.

निळवाडीतून बघितलं, तर सूर्य त्या शिखरावर यायचा सकाळी. धारा काढून झालेल्या असायच्या आणि पोटात कावळे ओरडायला लागलेले असायचे. म्हणून निळवाडीची माणसं त्या शिखराला म्हणायची न्याहारी. देवदारीतून बघितलं, तर तोच सूर्य त्याच शिखरावर टेकायचा संध्याकाळी. गाई गोठ्यात यायच्या, बायका दिव्यात तेल घालायच्या. म्हणून देवदारीची माणसं त्याला म्हणायची दिवेलागण.

एका शिखराला दोन नावं. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. तुमच्या आईला तुम्ही आई म्हणता, मामा ताई म्हणतो आणि बाबा आणखी काहीतरी म्हणतात, म्हणून काय घरात मारामाऱ्या होतात?

शिखराच्या पायाशी, उत्तरेच्या अंगाला, एक खिंड होती. दोन्ही गावांची वाट तिथून जायची. उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या गाई तिथल्या कुरणात चरायला जात. खिंडीत एक दगडी खोपट होतं आणि खोपटात तांब्याचा एक भला थोरला हंडा. दोन्ही गावांचं दूध त्या हंड्यात एकत्र ओतायचं, त्याला विरजण लावायचं आणि साकळलेल्या दुधाचं जात्याच्या तळीहून मोठं असं चीजचं चाक करायचं, हा तिथला रिवाज. एकट्या गावाच्या दुधाने हंडा अर्धासुद्धा भरत नसे. आणि लहान चाक करून उपयोग नव्हता, कारण ते लवकर वाळतं आणि दगड होऊन बसतं. मोठं चाक मात्र हिवाळाभर मऊ राहतं. म्हणून चीज दोन्ही गावांचं मिळून. पानं गळायला लागली की चाकं वाटून घ्यायची, आणि बर्फाचे महिने काळ्या भाकरीबरोबर त्यावर काढायचे.

अशा शेजारात सोयरिकी जुळायच्याच. निळवाडीच्या पाटलांची एकुलती एक लेक देवदारीच्या पाटलांच्या घरी दिली होती. (तिकडे गावच्या कारभाऱ्याला काय म्हणत, मला ठाऊक नाही. आपण पाटीलच म्हणू. ताठा सगळीकडचा सारखाच असतो.) पोरगी गुणी होती, नवरा साधा, सरळ होता, आणि सासरा वरून करवंदाच्या जाळीसारखा काटेरी असला तरी आतून गोड होता.

लग्नाची वरात खिंड उतरून देवदारीत आली त्या दिवसाची एक गंमत सांगतो. नवी नवरी चालून चालून दमली होती. दुपारी जरा अंग टेकलं आणि तिला गाढ झोप लागली. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून दिसलं, की सूर्य शिखरावर आलाय. झालं! सासरचा पहिलाच दिवस आणि उठायला उशीर. ती तशीच धावत चुलीपाशी गेली, पेज चढवली, भाकरी कापली आणि सगळ्यांना न्याहारीला हाका मारल्या. गोठ्यातून दिवसभराचं काम उरकून आलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सासूला हसू आवरेना. सासरे मात्र गंभीर चेहऱ्याने पाटावर बसले, पेज संपवली आणि म्हणाले, की आजवर दिवेलागणीला न्याहारी करणारा पाटील या गावात झाला नव्हता, तो मान सूनबाईंमुळे मिळाला. पोरगी लाजून लाल झाली, पण त्या दिवसापासून तिला ते घर आपलं वाटायला लागलं.

आता यात कुठे काय बिघडायचं होतं? पण बिघडलं, कारण त्या वाटेने राजा आला.

राजा वाईट नव्हता. त्याला फक्त एका प्रश्नाची दोन उत्तरं ऐकायची सवय नव्हती. खिंडीत विसावा घेताना त्याने सहज विचारलं, या शिखराचं नाव काय. त्याच्या पालखीचा एक भोई निळवाडीचा होता, तो म्हणाला न्याहारी. दुसरा देवदारीचा, तो म्हणाला दिवेलागण. राजाच्या कपाळाला आठी पडली. एका माणसाला एक नाव, एका डोंगराला एक नाव, असं म्हणून तो पुढे निघून गेला, आणि वसंतात बर्फ वितळल्याबरोबर त्याने आपला पाथरवट पाठवला. खिंडीत उभा दगड रोवायचा, त्यावर शिखराचं खरं नाव कोरायचं आणि परत यायचं, असा हुकूम होता.

पाथरवटाने दगड रोवला, छिन्नी पाजळली आणि दोन्ही गावांना विचारलं, की बाबांनो, काय कोरू?

इतके दिवस ज्या नावांकडे कोणी लक्षही दिलं नव्हतं, ती नावं त्या दिवशी एकदम प्राणाहून प्रिय झाली. निळवाडीकर म्हणाले, दिवसात आधी सकाळ होते, मग संध्याकाळ, तेव्हा आमचंच नाव आधीचं. देवदारीकर म्हणाले, सकाळी उगवलेलं संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही, शेवटी उरतं ते खरं. मग निळवाडीतला कोणीतरी म्हणाला, की देवदारीचे लोक उन्हं वर आल्यावर उठतात, त्यांना सकाळ कशी माहीत असणार? त्यावर देवदारीतून उत्तर आलं, की निळवाडीकर इतके खादाड, की देवाने दिलेल्या डोंगरालासुद्धा त्यांनी खाण्याचंच नाव ठेवलं. हे मात्र फार झोंबलं. खरं थोडंसं असलं की जास्त झोंबतं.

शब्दाने शब्द वाढला. निळवाडीची माणसं खोपटात गेली आणि तांब्याचा हंडा उचलून घेऊन गेली, कारण म्हणे तो त्यांच्या पणजोबांनी घडवला होता. देवदारीची माणसं मागोमाग गेली आणि विरजणाचं मडकं घेऊन आली, कारण म्हणे ते त्यांच्या पणजीने लावलं होतं. आता एकाकडे हंडा होता पण विरजण नव्हतं, दुसऱ्याकडे विरजण होतं पण हंडा नव्हता. दूध दोघांकडेही होतं. ते उन्हाळाभर दोन्ही गावांत नासत राहिलं.

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण दोन्ही पाटलांना वाटलं, की आपलं नाव टिकवायचं तर नियम हवा. दोघांनी आपापल्या गावात सभा घेतली, आणि गंमत बघा, एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोघांनी अगदी सारखाच नियम केला. खिंडीच्या दोन टोकांना दोन चौक्या बसवल्या. ज्याला गावात यायचं त्याने चौकीवर शिखराचं नाव सांगायचं, म्हणजे त्या गावाचं नाव. आणि आपल्या गावच्या माणसाने जर तिकडचं नाव तोंडातून काढलं, तर तो आपला नाही. त्याला घराचं दार बंद.

याचा अर्थ कळला का? निळवाडीचा माणूस देवदारीत जायला निघाला, तर चौकीवर त्याला दिवेलागण म्हणावं लागणार. ते म्हटलं, की निळवाडीचं दार बंद. देवदारीच्या माणसाचंही तसंच. वाट होती तिथेच होती, पण तिच्यावरून जाऊन परत येणारा एकही माणूस उरला नाही.

पाथरवट बिचारा कोऱ्या दगडापाशी बसून होता. नाव घेतल्याशिवाय राजाकडे परत जाता येईना. वेळ जाईना म्हणून तो दगड घासत बसे. घासून घासून दगड इतका गुळगुळीत झाला, की त्यात ढग दिसायला लागले.

सगळ्यांत मोठं संकट आलं ते त्या पोरीवर. तिला दिवस गेले होते. दोन्ही गावांत रीत होती, की पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिने कधीपासून मनात ठरवलं होतं, की आईच्या हातचं खायचं, आईच्या अंथरुणाशेजारी निजायचं आणि बाळ जरा मोठं झालं की खिंड ओलांडून सासरी परत यायचं. आता चौकीवर न्याहारी म्हणून माहेरी गेली, तर सासरचं दार बंद. नवऱ्याचं घर गेलं, बाळाचा बाप गेला. आणि गेली नाही तर माहेर तुटलं, कायमचं.

तिने सासऱ्यांना विचारून बघितलं.  ते म्हणाले, "सूनबाई, नियम मीच केलाय. मीच मोडला तर माझी पाटीलकी काय कामाची?"

तिने पाथरवटाच्या तोंडी वडिलांना निरोप धाडला. राजाचा माणूस म्हणून त्याला चौक्यांवर कोणी अडवत नसे. उत्तर आलं ते शब्दाला शब्द तेच होतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते आणि दोन्ही एकाच पिळाचे.

मला त्या दोघांचा रागच येतो. तुम्हालाही येत असेल. पण खरं सांगू, त्या दोघांनाही स्वतःचा राग येत होता. ते कबूल करायला जे लागतं, ते त्यांच्यापाशी नव्हतं, एवढंच.

पोरगी रात्रभर रडली. सकाळी उठून तिने चार कपडे गाठोड्यात बांधले आणि नवऱ्याला सांगितलं, की मी खिंडीत जाते. तो साधा माणूस. त्याने वाद घातला नाही, कुऱ्हाड आणि कांबळं खांद्यावर टाकलं आणि तिच्याबरोबर निघाला.

दोन चौक्यांच्या मधोमध ते चीजचं खोपट आता रिकामंच पडलं होतं. ती जागा ना निळवाडीची, ना देवदारीची. ती खोपटाच्या दारात उभी राहिली आणि दोन्हीकडच्या चौकीदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला एक नाव आईबापांनी शिकवलं आणि एक सासरच्यांनी. मी दोन्ही घेणार. जे गाव मला दोन्ही नावांसकट आत घेईल, त्या गावात मी जाईन. तोवर मी इथेच."

दोन्ही चौकीदारांनी आपापल्या पाटलांना जाऊन सांगितलं. दोन्ही पाटलांनी नाही म्हणून मान हलवली. 

दिवस जात राहिले. नवरा लाकडं फोडी, ओढ्याचं पाणी आणी. सकाळी एकीकडून आई येई आणि चौकीच्या दगडांवर गरम दुधाचं भांडं ठेवून जाई. संध्याकाळी दुसरीकडून सासू येई आणि भाकरी ठेवून जाई. चौकीदार तेवढ्यापुरते आकाशातले पक्षी बघत. हवा छान होती, कुरणं पिवळी पडत चालली होती, आणि वरच्या कड्यांवर रोज सकाळी थोडा थोडा जास्त बर्फ दिसत होता. एकदा का खिंडीत बर्फ पडला, की वसंतापर्यंत तिथे कोणी जाऊ शकत नाही आणि तिथून कोणी येऊ शकत नाही. हे लहान मुलालासुद्धा माहीत होतं.

पाटलांनी खिंडीकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पण करणार काय? वेळ बघायची तर वर बघावंच लागे. धार काढायची का, बघा डोंगराकडे. दिवा लावायचा का, बघा डोंगराकडे. आणि डोंगराकडे बघितलं, की त्याच्या पायाशी खोपटाच्या धुराची बारीक रेघ दिसे. निळवाडीचे पाटील न्याहारीला बसत आणि घास हातातच राही. देवदारीचे पाटील संध्याकाळी दिव्याशी जात आणि वात लावायची विसरत. घरची माणसं हे बघत होती. 

एके दिवशी सकाळीच पोरीला कळा सुरू झाल्या. नवरा धावत आधी एका चौकीवर गेला, मग दुसऱ्या. बातमी दोन्ही गावांत पोचली. आई हातातलं काम टाकून निघाली. चौकीदाराने अडवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती त्याला बाजूला सारून पुढे निघूनही गेली. सासूचंही तसंच झालं. दोघी विहिणी खोपटाच्या दारात भेटल्या, एकमेकींकडे बघितलं आणि आत शिरल्या. एकीने पाणी तापवलं, दुसरीने पोरीचा हात धरला.

मग दोन्ही गावं हळूहळू रिकामी झाली. माणसं खिंड चढून आली आणि आपापल्या चौकीच्या अलीकडे गर्दी करून उभी राहिली. शेवटी दोन्ही पाटीलही आले. सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. चौकीच्या दगडांपाशी येऊन दोघे थांबले. समोरासमोर उभे होते, मध्ये खोपट होतं. वसंतापासून त्यांनी एकमेकांना बघितलं नव्हतं. निळवाडीच्या पाटलांना दिसलं, की व्याही किती वाळलेत. देवदारीच्या पाटलांनाही तेच दिसलं.

बराच वेळ गेला. आणि मग खोपटातून बाळाचं रडणं आलं. काय खणखणीत आवाज होता! कड्यावर आपटून तो दोन्हीकडच्या दऱ्यांत घुमला. गर्दीत कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. 

सासूने बाहेर येऊन सांगितलं, की मुलगी झाली आहे आणि दोघी सुखरूप आहेत. उन्हाची ऊब मिळावी म्हणून त्यांनी बाळंतिणीची बाज दाराशी ओढली. तिथून तिला दोन्हीकडचे लोक दिसत होते आणि दोन्हीकडच्या लोकांना ती दिसत होती.

दोन्ही पाटलांचे पाय एकदमच उचलले गेले आणि एकदमच थबकले. दोन्ही नावं घेणाऱ्या पोरीकडे दगड ओलांडून जायचं, तर आपलाच नियम आडवा येत होता. निळवाडीचे पाटील म्हणाले, "पोरी, मला बाळाला बघू दे."

ती दमली होती, पण तिचा आवाज स्थिर होता. "या की, बाबा. मामंजी, तुम्हीही या. पण नाव सांगितल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंत ना? मग आज माझ्या दाराशी नाव सांगून या. आधी जरा वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं.

सूर्य बरोबर शिखराच्या माथ्यावर होता. आणि दुपार झाली होती, भर दुपार. सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या. खिंडीतून बघितलं, तर सूर्य त्या शिखरावर दुपारीच येतो, तो ना न्याहारीला येतो ना दिवेलागणीला. दोन्ही पाटील जन्मभर उन्हाळ्यात या खिंडीत येत होते. इथेच बसून त्यांनी दुपारची भाकरी खाल्ली होती, सूर्य माथ्यावर आला की शिदोरी सोडली होती. डोळ्यांनी हजारदा बघितलेलं त्या दिवशी पहिल्यांदा मनाला दिसलं.

पोरगी म्हणाली, "माझी लेक इथे जन्मली. तिच्या डोळ्यांना हे शिखर पहिल्यांदा दिसलं ते दुपारचं. आता तिला मी काय सांगू? तिचे दोन्ही आजोबा खोटं बोलतात, असं सांगू?"

 गाईच्या गळ्यातली एक घंटा तेवढी वाजली.

निळवाडीच्या पाटलांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. एकदा मागे आपल्या माणसांकडे बघितलं, एकदा पुढे लेकीकडे. मग कडू काढा एका घोटात प्यावा तसं ते म्हणाले, "दिवेलागण." आणि दगड ओलांडून तिच्याकडे गेले.

देवदारीचे पाटील तिथेच उभे होते.  "न्याहारी," ते म्हणाले. मग जरा थांबून, जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, "न्याहारी." दुसऱ्यांदा म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ऐकायचं असावं.

बाळ आधी कोणी घ्यायचं यावरून मात्र दोघांत भांडण झालं नाही, कारण दोघांनाही इतकं लहान बाळ हातात धरायची भीती वाटत होती.

गोष्ट इथे संपायला हवी, पण नियम हा फार चिवट प्राणी असतो. ऊन कलल्यावर पाटील घरी जायला निघाले, तर चौकीदार आडवे आले. निळवाडीचा चौकीदार हात जोडून म्हणाला, "पाटील, तुम्ही तिकडचं नाव घेतलंत. आता तुम्हाला गावात कसं घेऊ? तुमचाच नियम आहे." देवदारीचाही अगदी हेच म्हणाला. दोन्ही पाटील आपण बांधलेल्या भिंतीच्या बाहेर उभे होते. मला विचाराल तर तिथे जरा वेळ त्यांना उभंच ठेवायला हवं होतं.

पण निळवाडीतली एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, की ज्याने तिकडचं नाव घेतलं त्याला इकडच्यांनी दार बंद करायचं ना, मग दार बंद करायला कोणी उरलंच नाही तर? आणि ती खिंडीकडे तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणाली, "दिवेलागण." तिच्या मागून तिची सून म्हणाली. मग शेजारी, मग शेजाऱ्याचा भाऊ. पलीकडे देवदारीतही सुरू झालं. एकेक जण पुढे येऊन समोरच्या गावाचं नाव घेत होता, आणि नाव घेतलं की कसंनुसं हसत होता. शेवटी दोन चौकीदारच उरले. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आपापली काठी खाली ठेवली आणि तेही म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत पोरीला आणि बाळाला कांबळ्याच्या डोलीत घालून निळवाडीत आणलं. पुढच्या वसंतात खिंड मोकळी होताच ती सासरी गेली. मधल्या हिवाळ्यात दोन्ही गावांनी कोरडी भाकरीच खाल्ली, कारण त्या साली चीज झालंच नव्हतं. केल्याचं फळ भोगावंच लागतं, त्यात पाटलाला सूट नाही आणि पाटलाच्या गावालाही नाही. मात्र उन्हाळ्यात हंडा परत खिंडीत आला, विरजणाचं मडकंही आलं.

राहता राहिला पाथरवट. जाण्याआधी त्याने पुन्हा विचारलं, की आता तरी सांगा, काय कोरू? कोणी म्हणालं दोन्ही नावं कोर. लगेच प्रश्न आला, वर कोणतं आणि खाली कोणतं? क्षणभर सगळ्यांना वाटलं, की झालं, पुन्हा सुरू.

तेव्हा देवदारीचे पाटील म्हणाले, "दगडाला दोन बाजू आहेत. आमच्याकडे तोंड आहे त्या बाजूला त्यांचं नाव कोर, आणि त्यांच्याकडे आहे त्या बाजूला आमचं. आपलं नाव तर ज्याचं त्याला पाठच आहे. घरातून निघालेल्या माणसाला पुढचे लोक काय म्हणतात, ते कळायला हवं."

पाथरवटाने तसंच कोरलं आणि राजाला जाऊन सांगितलं. राजाच्या कपाळाला पुन्हा आठी पडली, पण या वेळी त्याने हुकूम काढला नाही. म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतः आला, दगडाच्या एका बाजूला उभा राहिला, मग दुसऱ्या बाजूला गेला, आणि बराच वेळ शिखराकडे बघत राहिला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या उंबऱ्यावरून दिसतं ते खरंच असतं, पण तेवढंच खरं असतं असं नाही.